बोर्डाची दुसरी बाजू

ज्यांना केएमटीच्या बसमध्ये आवाज नीट येत नाही, किंवा ज्यांचा हेडफोन भावाने पळवलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोललो तेच आहे, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आजची गोष्ट ऑगस्ट २०१९ मध्ये, आमच्या कसबा बावड्यात सुरू होते. पंचगंगेचं पाणी किती वाढलं हे जिथे मोजतात, तो राजाराम बंधारा आमच्या बावड्याचाच. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर ज्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, तो आकडा इथला. धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिये रस्ता बंद, हायवे बंद, लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. घरात बसून करायचं काय, म्हणून पाणी उतरल्यावर लाईन बाजारच्या बाजूला आण्णांच्या दुकानात मदतीला जाऊन बसलो.

आण्णा म्हणजे आमच्या भागातले जुने रेडिओ-टीव्हीवाले. दुकान एवढंसं, की दोन माणसं आत गेली तर तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्या आठवड्यात दुकानाबाहेर रांग लागली होती. चिखली, आंबेवाडीकडून लोक पोत्यात भरून सामान आणत होते. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, मोटरचे स्टार्टर, होम थिएटर. सगळ्यांत गाळ. माझं काम साधं होतं: बोर्ड बाहेर काढायचा, स्वच्छ पाण्याने धुवायचा, ब्रशने गाळ काढायचा, मग थिनर मारायचा आणि हेअर ड्रायरने वाळवायचा. ऊन नव्हतंच.

वाळलेला बोर्ड आण्णा हातात घ्यायचे, एकदा उलटा करून बघायचे आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवायचे. दोन ढीग. डावीकडे तपकिरी, पुठ्ठ्यासारखे दिसणारे बोर्ड. उजवीकडे हिरवे, चकचकीत. डाव्या ढिगातलं बरंच सामान आठवडाभरात सुरू झालं. उजव्या ढिगातलं थोडंच. मी विचारलं, "आण्णा, हे हिरवे नवीन आहेत ना? मग हेच का मरतायत?"

आण्णा म्हणाले, "आरं, ह्येला पाठच न्हाई. दोन्हीकडनं तोंडच हाय. धरायचं कुठनं?"

त्या एका वाक्यावर आजचा भाग आहे. सर्किट बोर्डाला दुसरी बाजू का आली, तिने काय दिलं आणि काय काढून घेतलं.

तीन घरं, तीन विहिरी

आधी बोर्ड म्हणजे काय ते बघू. वीज न वाहणारी एक पाटी, तिच्यावर तांब्याचा पातळ थर. नको असलेलं तांबं रसायनाने खाऊन टाकायचं, उरतात त्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक. हे ट्रॅक म्हणजेच वायरिंग. तांब्याची नेहमीची जाडी ३५ मायक्रॉन, केसापेक्षाही कमी. एका बाजूच्या बोर्डात वरून पार्ट बसवायचे, त्यांचे पाय भोकांतून खाली काढायचे आणि खालच्या ट्रॅकला सोल्डर मारायचं. वर पार्ट, खाली रस्ते. झालं.

आता अडचण कुठे येते? लहानपणीचं कोडं आठवा. तीन घरं, तीन विहिरी. प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट काढायची, पण एकही वाट दुसरीला ओलांडता कामा नये. आठ वाटा निघतात, नववी कधीच निघत नाही. तुम्ही हुशार नाही म्हणून नव्हे, ती निघूच शकत नाही. १९३० साली कुराटोव्स्की या पोलिश गणितज्ञाने सिद्ध केलं, की जी जाळी कागदावर रेषा न ओलांडता काढता येत नाही, तिच्या पोटात एकतर हे तीन-तीनचं कोडं लपलेलं असतं, किंवा पाच ठिकाणं सगळी एकमेकांना जोडण्याचं.

एका बाजूचा बोर्ड म्हणजे तो कागद. दोन ट्रॅक एकमेकांवरून गेले की शॉर्ट. मग रेडिओ-टीव्हीवाले काय करायचे? वरच्या बाजूने तारेचा छोटा तुकडा टाकायचे, जंपर. एखाद्या गल्लीवर टाकलेली फळी म्हणा. जुन्या टीव्हीचं किट उघडलंत तर असे डझनावारी जंपर दिसतील. फळ्या दहा असतील तर चालतं. शंभर लागल्या तर मग सरळ वर एक मजलाच बांधलेला बरा, आणि मधे जिने. तो मजला म्हणजे दुसरी बाजू. जिने म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारी भोकं, ज्यांना व्हाया म्हणतात. एकदा जिने मिळाले, की जागा पुरेशी असेल तर कुठलंही कोडं सुटतं.

कल्पना जुनी, मजला नवा

गंमत अशी, की दुसऱ्या बाजूची कल्पना पहिल्या बाजूइतकीच जुनी आहे. १९०३ मध्ये आल्बर्ट हॅन्सन या बर्लिनच्या माणसाने टेलिफोन एक्स्चेंजसाठी पेटंट मागितलं. मेणकागदावर चिकटवलेल्या तांब्याच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना. एका बाजूच्या पट्ट्या आडव्या तर दुसऱ्या बाजूच्या उभ्या, आणि जोड हवा तिथे भोक. आज बोर्ड डिझाईनचं सॉफ्टवेअर आपोआप ट्रॅक टाकतं ना, तेही बऱ्याचदा हेच करतं: एक बाजू आडवी, एक बाजू उभी. सव्वाशे वर्षांपूर्वीचा विचार आपल्या लॅपटॉपवर अजून चालू आहे.

पण विचार सुचणं वेगळं आणि कारखान्यात उतरणं वेगळं. पॉल आयस्लर हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर. नाझींचा जोर वाढत होता, तेव्हा १९३६ मध्ये तो लंडनला आला. तिथे त्याने छापील वायरिंगचा रेडिओ बनवून दाखवला. एका रेडिओ कंपनीने त्याला परत पाठवलं. कारण त्याने स्वतःच पुढे आत्मचरित्रात लिहिलंय: हाताने वायरी जोडायचं काम मुली करतात आणि त्या स्वस्त पडतात. म्हणजे मशीन नाकारलं गेलं ते वाईट होतं म्हणून नव्हे, माणसं स्वस्त होती म्हणून. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

मग युद्ध आलं. विमानाजवळ पोचल्यावर आपोआप फुटणाऱ्या गोळ्यांसाठी अमेरिकेला लहान, धक्का सोसणारं आणि लाखोंनी बनणारं सर्किट हवं होतं. तिथे छापील सर्किटचा कस लागला. युद्धानंतर ते तंत्र रेडिओ-टीव्हीत उतरलं. तरीही सगळ्यांचा विश्वास बसला नव्हता. अमेरिकेत झेनिथ ही मोठी टीव्ही कंपनी कितीतरी वर्षं जाहिरातीत मिरवत होती, की आमचा सेट हाताने जोडलेला आहे, छापील सर्किट नाही.

साध्या रेडिओला एक बाजू पुरली. तिथे स्वस्ताईच महत्त्वाची होती. तपकिरी बोर्ड म्हणजे कागदाचे थर फेनॉलिक राळेत भिजवून दाबलेले. त्याला भोकं पाडायला ड्रिल लागत नाही, साच्याने प्रेसखाली एका दणक्यात सगळी भोकं पडतात. आपल्या उद्यमनगरात पत्रा पंच करतात ना, तसंच. पण साठच्या दशकात चौदा-सोळा पायांच्या आयसी आल्या, संगणक आले. एकेका आयसीला एवढे पाय, आणि प्रत्येकाला कुठेतरी दुसरीकडेच जायचं. तीन घरं-तीन विहिरींचं कोडं हजार पटीने वाढलं. दुसरा मजला टाळताच येईना.

जिना हीच खरी गोष्ट

सुरुवातीला दोन्ही बाजू जोडायला भोकात पितळी आयलेट ठोकत, चपलेच्या पट्ट्याला असतात तशा. गरम-थंड होऊन त्या सैल व्हायच्या आणि सेट मधेच बंद, मधेच चालू. खरा तोडगा निघाला तो भोकाच्या आतल्या भिंतीवरच तांबं चढवण्याचा. आधी रसायनाने अगदी पातळ थर, मग विजेने त्यावर जाड थर. आतली तांब्याची नळी साधारण २० ते २५ मायक्रॉनची. हा आहे खरा जिना.

आणि इथे मला माझी फजिती सांगितलीच पाहिजे. तिसऱ्या वर्षाला मी घरीच दोन बाजूंचा बोर्ड बनवला. लेझर प्रिंट, इस्त्री, फेरिक क्लोराईड, आईची जुनी प्लास्टिकची परात. (ती परात पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही.) दोन्ही बाजूंचे कागद अर्धा मिलिमीटर सरकले. खालच्या बाजूने भोक गोलाच्या मधोमध, वरच्या बाजूने गोलाच्या काठावर. बरं, भोकाच्या आत तांबं चढवायची सोय घरी नसते, म्हणून व्हायात तारेचे तुकडे घालून दोन्हीकडून सोल्डर मारलं. शेवटी कळलं, की आयसीच्या बेसखाली वरच्या बाजूला ट्रॅक आहेत आणि बेस बसवल्यावर तिथे सोल्डरिंग आयर्न पोचतच नाही. दोन रात्रींचं काम कचऱ्यात. मित्राने तोच प्रोजेक्ट एका बाजूवर, अकरा जंपर टाकून केला. दिसायला गबाळा. पण पहिल्या फटक्यात चालला.

म्हणून फायदे-तोटे मोजताना कुणाचे ते आधी विचारा. कारखान्याकडे अचूक ड्रिल आहे, प्लेटिंगच्या टाक्या आहेत. त्याला दुसरी बाजू खूप काही देते. बोर्ड लहान होतो. ट्रॅक लांबलांब फिरत नाहीत. एका बाजूला जास्तीत जास्त तांबं तसंच ठेवून त्याला ग्राउंड करता येतं, त्यामुळे सिग्नलमध्ये खरखर कमी. पार्ट दोन्हीकडे बसवता येतात. बदल्यात पैसे जातात: प्रत्येक भोक ड्रिलने पाडायचं, दोन्ही बाजू जुळवायच्या, प्लेटिंगला रसायनं आणि पाणी वापरायचं, मग ते पाणी शुद्ध करायचं. आता हा खर्च इतका खाली आलाय, की ऑनलाईन बोर्ड बनवून देणाऱ्यांकडे दोन थरांचा बोर्ड हाच सगळ्यात साधा पर्याय असतो.

आण्णांचा हिशोब

आता दुकानात परत येऊ. आण्णांचं शिक्षण ज्या काळात झालं, तेव्हा टीव्ही उघडला की सगळं दिसायचं. १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला, मग गल्लोगल्ली सेट आले, औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनसारखे कारखाने उभे राहिले. त्या सेटचं किट एका बाजूचं. तपकिरी बोर्ड दिव्यासमोर धरला की खालचे ट्रॅक वरून सावलीसारखे दिसतात. बऱ्याच कंपन्या तर पार्टच्या बाजूलाही ट्रॅकची नक्षी छापायच्या. कितीतरी सेटबरोबर सर्किट डायग्राम मिळायचा. आण्णांकडे त्या घड्या पडून फाटलेल्या डायग्रामची एक ट्रंक आहे.

ट्रॅक तुटला? वरून तार टाका. पार्ट गेला? पाय गरम करा, सकरने सोल्डर ओढा, पार्ट हातात.

हिरव्या बोर्डात हे सगळं अवघड होतं. सोल्डर नुसतं खाली नसतं, भोकाच्या आत वरपर्यंत चढलेलं असतं. ते पूर्ण निघत नाही. जोर लावला की आतली तांब्याची नळीच पायाबरोबर बाहेर येते, आणि मग वरचा ट्रॅक कुठे तुटला ते पार्टखाली झाकलेलं. ट्रॅक एका बाजूने निघतो, व्हायात बुडी मारतो, दुसरीकडे आयसीच्या पोटाखाली वर येतो. पुराचं पाणीही तसंच पार्टखाली आणि भोकात दबा धरून बसतं. इन्व्हर्टरच्या बोर्डाला बॅटरी जोडलेली राहिली होती, तिथे तर ओल्या बोर्डातून करंट वाहत राहिला आणि तांबं आतल्या आत खाल्लं गेलं. मीटर लावला तर एका टोकाला वीज आहे, दुसऱ्या टोकाला नाही, आणि मधला रस्ता दिसत नाही. अर्थात सगळं खापर दुसऱ्या बाजूवर फोडणं बरोबर नाही. उजव्या ढिगातल्या बोर्डांवर नाजूक चिपाही जास्त होत्या.

इतकं ऐकून तुम्ही म्हणाल, एक बाजूच बरी होती. मीही तेच म्हणालो. आण्णा हसले. म्हणाले, "येड्या, माझं घर कशावर चाललं म्हाईत हाय? ड्राय सोल्डरवर!"

हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. एका बाजूच्या बोर्डात पार्टचा पाय धरून ठेवतं ते फक्त खालचं सोल्डरचं कडं. जड पार्ट असेल, टीव्हीतला ईएचटी ट्रान्सफॉर्मर वगैरे, आणि तो रोज गरम-थंड होत असेल, तर काही वर्षांत पायाभोवती बारीक गोल चीर पडते. टीव्ही मधेच बंद होतो. लोक वरून थाप मारतात, सुरू होतो. मग एके दिवशी थापेलाही ऐकत नाही. आण्णा ते कडं शोधायचे, पुन्हा सोल्डर मारायचे, काम झालं. प्लेटिंग केलेल्या भोकात हाच पाय आतून, वरून, खालून तिन्हीकडून धरलेला असतो. तिथे असलं दुखणं फार कमी. हिरव्या बोर्डाचीही दुखणी आहेत: काच-इपॉक्सीची पाटी गरम झाली की जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा तीन-चार पट जास्त फुगते, आणि ती नळी ताणली जाऊन कधीतरी आतच तडकते. पण एकूणात तो जास्त टिकतो.

म्हणजे सरळ हिशोब असा. एका बाजूचा बोर्ड दुरुस्त करायला सोपा होता, आणि त्याला दुरुस्ती लागायचीही जास्त. दोन बाजूंचा कमी बिघडतो, पण बिघडला की बहुतेक वेळा कार्डच बदला. रोजचा फायदा आपल्या सगळ्यांना थोडाथोडा मिळाला. तोटा मात्र पूर यावा तसा एकदम येतो, आणि येतो तो ज्याच्याकडे नवीन घ्यायला पैसे नाहीत त्याच्याकडे. चिखलीहून आलेल्या एका मावशींच्या वॉशिंग मशीनचा बोर्ड आमच्याच्याने झाला नाही. नवीन कार्डची किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "राहू दे बाबा, हातानं धुतीन." मशीन ठणठणीत होतं. मोटर ठणठणीत. तळहाताएवढी एक हिरवी पाटी तेवढी गेली होती.

मग करायचं काय?

घड्याळ उलटं फिरवता येत नाही. तुमच्या हातातल्या फोनचा बोर्ड तर आठ-दहा थरांचा असतो. दोन बाजू त्यापुढे साध्याच. पण मला वाटतं, आण्णांकडून दोन गोष्टी गेल्या आणि आपण त्या एकच समजतो. पहिली, डोळ्यांना रस्ता दिसणं. ती दुसऱ्या मजल्याबरोबर गेली, आणि त्याला इलाज नव्हता. दुसरी, रस्त्याचा नकाशा, म्हणजे तो घडी घातलेला डायग्राम. तो तांत्रिक कारणाने गेला नाही. तो कंपन्यांनी द्यायचा बंद केला. खरं तर रस्ता दिसेनासा झाला तेव्हाच नकाशाची गरज वाढली होती.

हे कोल्हापूर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथल्या बाबूराव पेंटरांनी देशी सिनेकॅमेरा तयार केला. उघडून बघणं, समजून घेणं, पुन्हा बनवणं हे आमच्या पेठांच्या रक्तात आहे. पण उघडल्यावर काही कळलंच नाही तर तो वारसा घेऊन करायचं काय? केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे. सुरुवात चांगली आहे. पण लाईन बाजारच्या दुकानात उपयोगी पडेल असा सर्किटचा नकाशा त्यात येईल तेव्हा मी खरं मानेन.

सध्या मी पंपाच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितो. बोर्ड दोन बाजूंचा. मागच्या वर्षी मीटिंगमध्ये मी मागितलं, की बोर्डावर सात-आठ टेस्ट पॉइंट ठेवा, शेजारी व्होल्टेज छापा, आणि झाकणाच्या आत डायग्रामचा क्यूआर कोड चिकटवा. "कोण बघणारे?" असा प्रश्न आला. आयस्लरला मिळालेलं उत्तर आठवलं. तेव्हा हाताने वायरी जोडणाऱ्या मुली स्वस्त होत्या, आता कार्ड बदलणं स्वस्त आहे. स्वस्त कुणाला, हे दोन्ही वेळा कुणी विचारलं नाही. टेस्ट पॉइंट आणि छापील व्होल्टेज मान्य झाले. क्यूआर कोड अजून अडकलाय. मी सोडलेला नाही.

२०२१ मध्ये पाणी पुन्हा ५५ च्या वर गेलं. तेव्हाही आण्णांकडे दोन ढीग होते. आता आण्णा जास्त करून एलईडी बल्ब दुरुस्त करतात. का माहितीये? त्याची पाटी अजून एका बाजूची असते.

जाता जाता एक काम. घरातला टीव्हीचा बंद पडलेला रिमोट शोधा. स्क्रू काढा, नखाने कड उचका. आत बहुधा एका बाजूचा बोर्ड मिळेल. काही ठिकाणी एक ट्रॅक दुसऱ्यावरून काळ्या शाईच्या पट्टीने गेलेला दिसेल. तो कार्बनचा जंपर, म्हणजे तीच ती गल्लीवरची फळी, छापलेली. मग एखादा बंद पडलेला राऊटर उघडा आणि एकच ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने शोधायचा प्रयत्न करा. बोट कुठे अडकतं ते बघा.

तिथून पुढे नकाशा लागतो. भेटू पुढच्या भागात.